उणे चाळीस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. अगदी फादरांनाही नाही — आणि आमच्यात तर पापं सांगायची सोय देवळातच केलेली असते. जुनी माणसं त्याला कुमसार म्हणतात, आम्ही पापनिवेदन म्हणतो. दर वर्षी प्रायश्चित्तकाळात मी त्या लाकडी जाळीसमोर, पलीकडे फादर बसलेले असतात तिथे, गुडघे टेकते आणि वाण्याची यादी वाचावी तशी धडाधडा बोलते — सासूला उलटून बोलले, ऑफिसात खोटं सांगून अर्धा दिवस घेतला, दोन रविवार देवळातली मिस्सा चुकवली. फादर तीन नमो मरिया म्हणायला सांगतात. मी म्हणते, उठते, गुडघे झटकते. आणि ही एक गोष्ट दर वर्षी माझ्याबरोबर आत जाते आणि माझ्याबरोबरच बाहेर येते.

मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा या मे महिन्यात जे झालं ते पोटात राहीना म्हणून असेल. पण थांबा, या मे महिन्यापर्यंत यायला वेळ आहे. आधी एक छोटी गोष्ट कबूल करते. छोटीपासून सुरुवात केली की मोठीकडे जायला जीभ धजावेल, असं मला आपलं वाटतंय.

छोटी गोष्ट अशी की मला पेटी वाजवता येत नाही.

नंदाखालमध्ये कुणालाही विचारा, जासिंता कोण, तर म्हणतील, ती म्युझिकवाली ना, काय कीबोर्ड वाजवते! खोटं आहे हो. साफ खोटं. माझ्याकडे कीबोर्ड नाहीच. माझ्याकडे एक लॅपटॉप आहे, त्यात गाणी बनवायचं एक सॉफ्टवेअर आहे, आणि त्यातलं एक बटण दाबलं की स्क्रीनच्या खालच्या भागात पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या येतात. त्या पट्ट्यांवर माउसनं टिचकी मारायची. एक टिचकी, एक सूर. चुकला तर पुसायचा, मागेपुढे सरकवायचा, पुन्हा टिचकी. ज्या गाण्यात तुम्हाला वाटतं की पोरीनं काय सरसर बोटं फिरवली आहेत, त्या गाण्यात माझं एकच बोट आहे — आणि तेसुद्धा माउसवर. दिवसा मी सातिवलीला प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात बसते. जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला आणि लॅपटॉप एका बाजूला. कुणाचं हळदीचं गाणं, कुणाच्या बारशाचं, शाळेच्या गॅदरिंगचं. लोक विचारायचे, कुठे शिकलीस गं? मी नुसती हसायचे. हसलं की खोटं बोलल्यासारखं वाटत नाही ना.

तर ही झाली छोटी गोष्ट. एवढंच सांगून मी मोकळी होऊ शकले असते, आणि तुम्हीही म्हणाला असता की अगं, यात काय एवढं! पण मग ते पुन्हा तेच झालं — जाळीसमोरची यादी. नको.

मार्थामावशीबद्दल सांगते.

ती माझी सख्खी मावशी नाही. आईची मैत्रीण, आमच्या कुंपणापलीकडे राहते — माझं माहेर आणि सासर दोन्ही तिच्या वाडीला लागूनच. तिची केळीची वाडी आहे, थोड्या पानवेली आहेत, आणि आता ती सत्तरीला टेकलेली आहे. अंगानं काटकुळी, पण तोंड असं की बाजारात भल्याभल्यांना गप्प करेल. माझं तोंड तिच्यावर गेलंय असं आई म्हणते. लहानपणी मी आमच्या घरी कमी आणि तिच्या वाडीत जास्त असायचे.

मे महिन्यात आमच्या गावात रोज संध्याकाळी क्रुसाजवळ जपमाळ होते. रस्त्याच्या वळणावर गावचा दगडी क्रूस आहे, त्याला फुलं, पताका. बायका चटया आणतात, म्हातारी माणसं खुर्च्या आणतात. सात वाजता देवळाची घंटा होते. ती होत असताना कुणी बोलत नाही. शेवटचा ठोका विरत विरत जातो — आणि मग मार्थामावशी पहिली ओळ उचलते. एकटी. ना पेटी, ना तबला, ना माइक. घंटेचा जो सूर कानात राहिला, तोच धरून ती गाते, आणि तिच्या मागून सगळा गाव. हे कुणी ठरवून दिलेलं नाही. तिच्या आधी तिची सासू उचलायची, सासूच्या आधी आणखी कुणी. रोज तोच सूर. एक दिवस खाली नाही, एक दिवस वर नाही.

मी पाच-सहा वर्षांची असेन. त्या क्रुसाजवळ मावशीनं माझी हनुवटी धरली होती आणि सांगितलं होतं की घंटा थांबली तरी आत वाजत असते, तिला धर. मी धरायला शिकले. मला जो काही थोडाबहुत कान आहे, तो तिथला आहे. तिनं दिलेला आहे. — हे मला शेवटी सांगायचं होतं. किंवा सांगायचंच नव्हतं, खरं तर. पण आलं तोंडून, बरं झालं.

तीन वर्षांपूर्वी गावातल्या तरुण मंडळींनी ठरवलं की क्रुसाची ही गाणी रेकॉर्ड करून ठेवायची. म्हाताऱ्या बायका आहेत तोवर, नाहीतर सगळं विसरलं जाईल. चांगला विचार होता, वाईट काहीच नाही. आणि रेकॉर्ड कोण करणार? आपली जासिंता आहे की! काय सांगू, किती फुगले होते मी. गावचं काम, आणि ते माझ्या हातात. ऑफिसात चार जणांना सांगून झालं होतं.

आता इथे थोडं यंत्राचं सांगावं लागेल, पण थोडंच. त्याच्या आदल्या आठवड्यात मी अर्नाळ्याच्या एका घरासाठी हळदीचं गाणं करत होते. त्यांच्याकडे एक जुनी कॅसेट होती, त्यांच्या आत्याच्या आवाजातली. टेप मंद चालत असावी, त्यामुळे आवाजाचा सूर उतरला होता, माझ्या पट्ट्यांशी जुळेना. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा चौकोन असतो. त्यात आकडा टाकला की स्क्रीनवरची सगळीच्या सगळी पेटी खाली किंवा वर सरकते. मी टाकला — उणे चाळीस. म्हणजे एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या निम्म्याहून थोडं कमी, एवढी पेटी खाली आली आणि आत्याबाईंशी जुळली. काम झालं. मग क्रुसाच्या गाण्यांसाठी नवी फाईल मांडायचा मला आला कंटाळा. तीच फाईल उघडली, आतलं गाणं पुसलं, आणि दुसऱ्या नावानं ठेवून दिली. सगळं पुसलं, तेवढा तो चौकोन राहिला.

हेच का ते पाप? नाही हो. ही चूक आहे. चुका मी रोज करते, चुकीला कोण घाबरतंय?

रविवारी दुपारी, धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही जमलो. वीसेक माणसं, एक माइक, आणि टेबलावर माझा लॅपटॉप. मी सगळ्यांना सूर द्यायला स्क्रीनवर पट्ट्या उघडल्या आणि टिचकी मारली. मावशी माझ्या शेजारीच बसली होती. तिनं बघितलं. चष्मा वर-खाली करून पुन्हा बघितलं. आणि वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली — आमच्या बोलीत म्हणाली, मी सगळ्यांना कळेल असं लिहिते — "अगं जासिंते, टिचक्या काय मारतेस? वाजव ना!"

मी म्हटलं, हेच वाजवणं, मावशी.

"ह्याला वाजवणं म्हणतात? मग सरक, मीच वाजवते!"

सगळा वर्ग खो खो हसला. फादर हसले. माझी आईसुद्धा हसली. मावशी सहज बोलली होती, तिच्या मनात काही नव्हतं. ती केळ्याच्या घडाशीसुद्धा असंच बोलते. पण माझी कानशिलं तापली. इतकी वर्षं मी जे झाकून ठेवलं होतं, ते हिनं वीस माणसांसमोर चुटकीसरशी उघडं केलं. आणि तिला कळलंही नाही! मला त्या क्षणी तिचा राग आला. साधा नाही, डोक्यात तिडीक गेली. ती तिडीक लक्षात ठेवा, पुढे तीच सगळं करणार आहे.

आधी मावशीची ओळ घेतली. हेडफोन लावायला ती तयार होईना — कानात बोळे घालून कसं गायचं, म्हणे. बरं, तशीच गा. ती उठून खिडकीशी उभी राहिली, डोळे मिटले, आणि गायली. घंटा वाजायला अजून चार तास होते. पण तिला कुठे घंटा लागत होती? तिनं आतलीच धरली असणार. मग बाकीच्यांनी मागच्या ओळी गायल्या, माझ्या स्क्रीनवरच्या पेटीचा सूर ऐकून. काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी.

मग मी दोन्ही जोडून वाजवलं. आई गं! ऐकवेना. मावशी एकीकडे, गाव एकीकडे. चिंचेनं दात आंबल्यासारखं झालं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

मावशी लगेच म्हणाली, तुझी पेटी उतरलेली आहे. घंटेच्या खाली आहे ती.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? देवळातली पेटी वीस पावलांवर होती. जाऊन एक पट्टी दाबली असती की कळलं असतं. किंवा तो चौकोन बघायचा — स्क्रीनवरच होता, माझ्या नाकासमोर. मी यातलं काही केलं नाही. मी लॅपटॉप सगळ्यांकडे फिरवला. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये गाणाऱ्याचा आवाज एका नागमोडी रेषेसारखा दिसतो, आणि मागे पट्ट्यांचे आडवे रकाने. मावशीची रेष रकान्याच्या वर होती. गावाची रेष रकान्यात. मी बोट ठेवून दाखवलं आणि म्हटलं, "कम्प्युटर कुणाची बाजू घेत नाही, मावशी."

कुणीतरी हसलं. मला बरं वाटलं — होय, बरं वाटलं. म्हणून मी आणखी एक वाक्य बोलले. म्हटलं, "वय झालं की सूर चढतो. होतं असं. त्यात तुझा दोष नाही."

हे मी कुठे वाचलेलं नव्हतं. मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी ते तिथल्या तिथे बनवलं.

मावशी स्क्रीनजवळ वाकली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण रेष रकान्याच्या वर आहे एवढं तिला दिसलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, एवढी वर? मी म्हटलं, हो. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, ग्लोरिया टीचरला सांगा मग. आणि चपला घालून घरी गेली. तिचं बोलणं इतकं थोडक्यात संपलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

ग्लोरिया टीचर शाळेत शिकवतात, गोड गातात. ठरलं की पुढच्या रविवारी त्या मावशीची ओळ गातील.

आता मंगळवार. जेवणाच्या सुट्टीत अर्नाळ्याहून फोन आला की हळदीचं गाणं पुन्हा पाठव, फोन बदलला. मी ती फाईल उघडली आणि तो चौकोन दिसला. उणे चाळीस. माझा घास हातातच राहिला. क्रुसाची फाईल उघडली — उणे चाळीस. मी तो आकडा शून्य केला आणि मावशीचा आवाज लावला. रेष कुठे होती माहीत आहे? रकान्याच्या बरोब्बर मधोमध. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. गाव सगळं खाली लोंबत होतं. तरी माझी खात्री होईना. संध्याकाळी सुटल्यावर मी देवळाच्या आवारात गेले, फोनवर घंटा रेकॉर्ड केली आणि तीही लावून बघितली. घंटा, काळी चार आणि मावशी — तिन्ही एका जागेवर. घंटा न ऐकता, चार तास आधी, बंद डोळ्यांनी ती जिथे उभी राहिली होती तिथेच घंटा होती.

मंगळवारी मला कळलं. रविवार यायला पाच दिवस होते. कुंपणापलीकडे तिचं घर. हाक मारली असती तरी तिनं ऐकलं असतं. मावशी, माझं चुकलं, तुझं बरोबर होतं — किती शब्द झाले हे?

कारणं हवीत का तुम्हाला? आहेत की, ढीगभर आहेत. वीस माणसांना पुन्हा बोलवावं लागलं असतं. फादरांना सांगावं लागलं असतं. गावात पुन्हा कुणी काम दिलं नसतं. ही सगळी कारणं मी स्वतःला सांगून बघितली आणि एकही खरं नव्हतं. खरं कारण एवढंच की तिच्यामुळे सगळे मला हसले होते. मला तिला बरोबर ठरवायचं नव्हतं.

आणि आता ते सांगते ज्यासाठी एवढं गोल गोल फिरले. मंगळवारी दुपारी मी आकडा शून्य केला होता, खरं काय ते डोळ्यांनी बघितलं होतं. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्या चौकोनात पुन्हा उणे चाळीस लिहिलं. एक एक अक्षर. पहिल्या वेळी तो आकडा चुकून राहिला होता. दुसऱ्या वेळी मी लिहिला. फाईल सेव्ह केली, लॅपटॉप मिटला, डबा धुतला आणि कामाला लागले. रविवारी ग्लोरिया टीचर हेडफोन लावून माझ्या उतरलेल्या पेटीवर गायल्या, आणि सगळं छान जुळलं. टाळ्या वाजल्या.

मावशीचं काय झालं?

पुढच्याच आठवड्यात ती संध्याकाळी देवळाच्या आवारात जाऊन घंटेच्या खाली उभी राहिली. एक दिवस नाही, तीन-चार दिवस. मग तिनं घंटा वाजवणाऱ्या काकांना विचारलं, घंटा बदलली का हो? काकांनी तो किस्सा गावभर केला. मार्था म्हणते घंटा बदलली! लोक हसले. मीही हसले, काय करणार — हसले नसते तर कुणाला तरी कळलं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

मग ती सुनेला घेऊन वसईला कानाच्या डॉक्टरकडे गेली. यंत्र लावून तपासलं. डॉक्टर म्हणाला, आजी, या वयात इतके चांगले कान मी बघितले नाहीत. आनंद व्हायला हवा ना? ती घरी आली आणि म्हणाली, त्याला काय कळतंय, तो कान तपासतो, सूर कुठे तपासतो!

आणि एक दिवस ती माझ्याकडे आली. हातात सुकेळी — तिच्या वाडीतली केळी, तिनं उन्हात वाळवून पानात बांधलेली. मला वाटलं कळलं हिला. पण ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, त्या दिवशी तुझा वेळ घालवला गं मी, वर तुझ्या पेटीलाच नावं ठेवली. मनात धरू नकोस. वय झालं की सूर चढतो, तूच म्हणालीस ना.

माझं वाक्य. मी तिथल्या तिथे बनवलेलं. ते आता तिचं झालं होतं.

मी म्हटलं, जाऊ दे गं मावशी. मोठ्या मनानं म्हटलं, बरं का! ती गेल्यावर मी पान सोडून सुकेळी खाल्ली. गोड होती.

तेव्हापासून ती गात नाही. क्रुसाजवळ येते, खुर्चीवर बसते, जपमाळेचे मणी सरकवते. गाण्याच्या वेळी ओठ हलतात, आवाज नसतो. वाडीत पाणी सोडताना ती गुणगुणायची, कुंपणाच्या या बाजूला आम्हाला ऐकू यायचं. तेही बंद झालं. मी सकाळी चहा घेऊन मागच्या दारात उभी राहते. नुसता पाण्याचा आवाज येतो.

आणि मे महिन्यात आता स्पीकर असतो. मंडळींनी हौसेनं आणला. सात वाजता घंटा होते, शेवटचा ठोका विरतो, आणि मी लॅपटॉपवर बटण दाबते. ग्लोरिया टीचरची ओळ सुरू होते — घंटेच्या खाली. उणे चाळीस. रोज. एकतीस दिवस, आणि हे तिसरं वर्ष. लोकांना काही वाटत नाही, ते त्याच सुरात मिसळून गातात. सवय झाली आहे. लहान मुलं तर हेच गाणं म्हणून शिकली. मला मात्र दर वेळी दात आंबल्यासारखं होतं, आणि मी मान खाली घालून स्क्रीनकडे बघत बसते. गाणं वाढवावं लागलं, नवीन कडवी घ्यावी लागली, तेव्हाही मी फाईल तशीच ठेवली. आता ते सगळं त्या आकड्यावर उभं आहे.

आता या मे महिन्यातलं.

महिन्याचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी गर्दी जास्त असते, जपमाळेनंतर उकडलेले चणे वाटतात. मार्थामावशी माझ्या शेजारीच खुर्ची टाकून बसली होती. घंटा सुरू झाली आणि त्याच वेळी लाइट गेले. घंटा हातानं ओढतात, ती वाजत राहिली. शेवटचा ठोका विरला. मी बटण दाबलं, पण स्पीकर मुका. सगळे थांबलेले. अजून उजेड होता, सगळ्यांचे चेहरे दिसत होते. कुणीतरी मागून म्हणालं, मार्थामावशी, तुम्ही उचला ना, पूर्वी उचलायचात तशी!

मावशी दचकली. नाही नाही म्हणाली. बायकांनी आग्रह धरला. तिनं तोंडातल्या तोंडात एक सूर धरून बघितला, अगदी हळू, मला शेजारी बसून जेमतेम ऐकू आला. घंटेचाच होता. तीन वर्षं न गाता — तोच!

मग ती माझ्याकडे वाकली आणि म्हणाली, "जासिंते, तुझ्या पेटीचा सूर दे गं आधी. माझा भरवसा नाही."

लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. फाईल उघडी होती, पट्ट्या स्क्रीनवर होत्या, आणि वरच्या कोपऱ्यात तो चौकोन. चौकोनावर दोनदा टिचकी मारली की आकडा आपोआप शून्य होतो. दोन टिचक्या. कुणाला काही सांगायचं नव्हतं, माफी मागायची नव्हती, कुणाला कळलंही नसतं. पेटीनं तिचाच सूर तिला परत दिला असता आणि तिला वाटलं असतं, अगं बाई, लागतोय की माझा! एवढंच. माझ्या माउसचा बाण त्या चौकोनावर जाऊन थांबलासुद्धा होता. पण मग ती विचारणार — मग तेव्हा का गं लागला नव्हता? तिचा कान तसाच आहे, आणि डोकंही. ती विचारल्याशिवाय राहिली नसती.

मी बाण खाली आणला आणि काळ्या चारवर टिचकी मारली.

लॅपटॉपच्या बारक्या आवाजात तो सूर आला. मावशीनं कान स्क्रीनला लावला. ऐकलं. तिचा स्वतःचा सूर अजून तोंडात होता, तो तिनं याच्याशी लावून बघितला आणि मान हलवली. "बघ," म्हणाली, "अजून चढतोच माझा." आणि तिनं तो खाली घेतला. हळूहळू, अंदाज घेत नाही — एकदम. जिथे माझी पेटी होती, बरोब्बर तिथे. केसाचा फरक नाही. असा कान आहे तिचा. खोटा सूर दिला तर खोटासुद्धा अचूक धरते.

तिनं पहिली ओळ त्याच सुरात गायली. मागून सगळा गाव गायला. लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं. कितीतरी दिवसांनी मार्थामावशी गातेय, म्हणून.

ओळ संपल्यावर ती माझ्याकडे वळली. शाळेतली मुलगी बाईंना विचारते तसं तिनं विचारलं, "लागला का गं बरोबर?"

"लागला, मावशी," मी म्हटलं.